चलथाणची दोन धुराडी

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना ओलांडून पूर्वेस वळली, की थोड्याच वेळात चलथाण नावाचे स्थानक लागते. स्थानक लहान आहे. खानदेशात जाणारा उतारू सहसा तेथे खिडकीबाहेर डोकावतही नाही. ही लोहवाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाने घातली गेली आणि खानदेशच्या कापसाला सुरतेची वाट मोकळी झाली. आज त्या वाटेने कापसापेक्षा माणसेच अधिक येतात. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून निघालेला कामकरी कोणी सुरतेच्या यंत्रमागावर जातो, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत शिरतो, तर कोणी हाती कोयता घेऊन उसाच्या फडात उतरतो. १९६० पर्यंत हा मुलूख आणि खानदेश एकाच राज्यात होते. मध्ये सीमा आली, तरी माणसांचे येणेजाणे थांबले नाही.

सुरत शहरापासून चलथाण सुमारे पंधरा किलोमीटरवर असून पलसाणा तालुक्यात मोडते. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग जवळूनच जातो आणि कडोदऱ्याचा गजबजलेला चौक हाकेच्या अंतरावर आहे. या टापूत दोन जातींची धुराडी दिसतात. एक धुराडे साखर कारखान्याचे. श्री चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळी हे नाव दक्षिण गुजरातच्या ऊस-बागाइतदारांत सर्वांच्या तोंडी आहे. दुसऱ्या जातीची धुराडी कापडास रंग देणाऱ्या गिरण्यांची असून त्यांची रांग चलथाण, कडोदरा, पलसाणा अशी पसरलेली आहे. दोन्हींमधून वर जाणाऱ्या धुराचा रंग लांबून सारखाच दिसतो. परंतु हवामानाच्या हिशेबात हे दोन धूर अगदी निराळ्या खात्यांवर मांडावे लागतात. कोणत्याही शहराचे वा देशाचे कार्बन-उत्सर्जन कशामुळे वाढते आणि कशामुळे घटते, हे समजून घेण्यास या दोन धुराड्यांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

साखर कारखान्यात ऊस पिळल्यानंतर जो चोथा उरतो, त्यास कारखान्याच्या भाषेत बगॅस म्हणतात. शंभर टन उसातून सुमारे तीस टन चोथा निघतो. त्यात निम्मे पाणी असते. तरीही त्याच चोथ्यावर बॉयलर पेटतो, वाफ तयार होते, चरक फिरतात आणि रस आटतो. सुस्थितीतील कारखान्यास गाळपाच्या हंगामात बाहेरचे इंधन जवळजवळ लागत नाही. हा चोथा जळताना कार्बन डायॉक्साइड वायू बाहेर पडतोच; पण तो कार्बन उसाच्या पानांनी मागील वर्षी हवेतूनच घेतलेला असतो, आणि पुढील वर्षीचा ऊस तो पुन्हा हवेतून उचलतो. कोळशाचे तसे नाही. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली निजलेला होता. तो एकदा वर आला, की त्यास परत खाली नेणारे कोणतेही पीक शेतकऱ्याजवळ नाही.

अर्थात साखरेचे खाते अगदीच कोरे आहे असे समजण्याचे कारण नाही. उसाला जो युरिया घालावा लागतो तो नैसर्गिक वायूपासून तयार होतो. हजिऱ्याचा कृभकोचा कारखाना त्यासाठीच उभा आहे. शेतात पडलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो, आणि तो वजनास वजन धरले तर कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापदायक असतो. उसाने भरलेले ट्रॅक्टर व मालमोटारी डिझेल जाळतात, आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. तरीसुद्धा एकंदर मापाने पाहता उसाचे धुराडे हलके आणि कोळशाचे जड, हे खरेच.

जपानी विद्वान योइची काया यांनी १९९० च्या सुमारास या प्रश्नाची एक सुटसुटीत मांडणी केली. कोणत्याही देशाचे ऊर्जेपासून होणारे उत्सर्जन म्हणजे चार संख्यांचा गुणाकार, असे त्यांनी दाखविले. पहिली संख्या लोकसंख्येची. दुसरी दरडोई उत्पन्नाची. तिसरी संख्या म्हणजे एका रुपयाचे उत्पन्न निर्माण करण्यास किती ऊर्जा लागते, ती. आणि चौथी म्हणजे तेवढ्या ऊर्जेमागे किती कार्बन हवेत जातो, ती. हा काही निसर्गाचा नवा नियम नव्हे. वाण्याच्या वहीतील गुणाकाराइतकाच तो साधा आहे. परंतु वही नीट मांडली म्हणजे चूक कोठे आहे ते सापडते, तसे या मांडणीचे झाले.

भारताचा हिशेब या रीतीने करून पाहण्याजोगा आहे. १९९० पासून २०२३ पर्यंत देशाची लोकसंख्या दीडपटीहून थोडी अधिक वाढली आणि दरडोई वास्तव उत्पन्न सुमारे चौपट झाले. या दोहोंचाच गुणाकार केला तर उत्सर्जन साडेसहापटीच्या घरात जावयास हवे होते. प्रत्यक्षात ते पाचपटीच्या आसपास वाढून सुमारे तीनशे कोटी टनांवर आले. मधली तफावत मुख्यतः तिसऱ्या संख्येने भरून काढली. म्हणजे एका रुपयाच्या उत्पन्नास पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरू लागली. चौथ्या संख्येने मात्र या काळात साथ दिली नाही. लाकूडफाटा व गोवऱ्या यांची जागा कोळसा, खनिज तेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांनी घेतल्याने ती काहीशी वाढलीच. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. चुलीच्या धुरात डोळे चोळीत भाकरी भाजणाऱ्या स्त्रीच्या घरी गॅसची शेगडी आली, तर कार्बनच्या वहीत एक आकडा वाढतो. पण त्या वाढीबद्दल कोणी खेद करावा, अशी ती नव्हे.

लोकसंख्येविषयी बोलणे सोपे असल्याने तिजविषयी फार बोलले जाते. परंतु माणसे मोजून भागत नाही. कोणती माणसे, हेही पाहावे लागते. आज भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक, चीनची सुमारे चौपट आणि अमेरिकेची जवळजवळ सातपट भरते. शिवाय देशातल्या देशातही सरासरी हा शब्द फसवा आहे. ऊसतोडीसाठी डांग व खानदेशातून जी कुटुंबे या भागात उतरतात, त्यांचे जीवन डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारकाईने अभ्यासिले आणि बारडोलीच्या परिसरातील साखर कारखानदारीच्या सुबत्तेमागील ही दुसरी बाजू जगापुढे मांडली. नवराबायकोचा एक कोयता, डोक्यावर पाचटाचे वा प्लॅस्टिकचे छप्पर, चुलीत फडातलेच सरपण, आणि पहाटेच्या थंडीत सुरू होणारे काम, असे ते जीवन होय. या कुटुंबाच्या वाट्यास येणारा कार्बन मोजावयाचा म्हटला, तर तो एखाद्या वातानुकूलित दुकानाच्या दिवसाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल. पण राष्ट्राची सरासरी काढताना तेही कुटुंब छेदात मोजले जाते, आणि त्याच्या दारिद्र्यामुळे इतरांची खाती हलकी दिसतात. दरडोई दोन टन हा आकडा जागतिक परिषदांतून मांडताना भारताचा पक्ष न्याय्य असतो यात शंका नाही. तो आकडा इतका लहान का आहे, हे मात्र तेथे सांगितले जात नाही.

आता रंगाईच्या गिरणीकडे वळावयास हवे. कारण तिसऱ्या आणि चौथ्या संख्येचे खरे घर तेथे आहे.

सुरतेचे कापड बहुतांशी पॉलिएस्टरचे. या धाग्यावर सुती कापडासारखा रंग सहज चढत नाही. बंद जेट यंत्रात दाबाखाली पाणी सुमारे एकशे तीस अंशांपर्यंत तापवावे, तेव्हा कोठे धागा सैल होऊन रंग आत शिरतो. त्यानंतर कापड स्टेंटर नावाच्या लांबलचक यंत्रातून, एकशे ऐंशी ते दोनशे अंशांच्या गरम हवेतून, ताणून काढावे लागते. नाहीतर साडीचा पन्हा एकसारखा राहत नाही. या उष्णतेचा हिशेब शाळकरी मुलासही करता येईल. एक किलो कापडामागे आठ लिटर पाणी धरले आणि ते तीस अंशांवरून एकशे तीस अंशांवर न्यावयाचे झाले, तर निव्वळ पाण्यासाठी आठशे किलोकॅलरी लागतात. किलोमागे साडेचार हजार किलोकॅलरी देणारा कोळसा घेतला आणि त्यातील दोनतृतीयांश उष्णता कामी आली असे मानले, तर पाव किलोहून थोडा अधिक कोळसा या एकाच पायरीत जळतो, आणि त्यापासून सुमारे अर्धा किलो कार्बन डायॉक्साइड तयार होतो. धुणे, वाळविणे, छपाई, स्टेंटर यांचा खर्च निराळाच.

रंग चढला म्हणजे हे तापलेले पाणी थंड करून गटारात सोडले जाते. त्याची उष्णता आत येणाऱ्या थंड पाण्यास दिली आणि ते पाणी आधीच साठ अंशांवर आणले, तर शंभर अंशांऐवजी सत्तर अंशच तापवावे लागेल. म्हणजे दहा भागांतील तीन भाग कोळसा वाचला. यात कोणतेही गूढ विज्ञान नाही. वाफेच्या नळांना जाड आवरण घालणे, वाफेचे जमलेले पाणी फेकून न देता बॉयलरकडे परत नेणे, भट्टीत हवा नेमकी तेवढीच सोडणे, ही कामेही त्याच कोटीतील. बॉयलरवर वर्षानुवर्षे उभा राहणारा फायरमन हे सर्व जाणून असतो. ज्वालेचा रंग पाहूनच हवा कमी की जास्त, ते तो सांगतो.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण कापड गिरणीचे नसते. ते व्यापाऱ्याचे असते आणि गिरणी मीटरमागे ठरलेल्या मजुरीवर त्यास रंग देते. दर दोन पैशांनी वाढला, तर व्यापारी पलीकडच्या गिरणीचे दार ठोठावतो. मालकाच्या हाती चार पैसे आले, की उष्णता वाचविणाऱ्या यंत्रापेक्षा आणखी एक जेट बसविणे त्यास अधिक फायद्याचे वाटते. आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर ते खोटेही नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशावर पुस्तक लिहिले, त्यात हाच अनुभव नोंदविला आहे. वाफेचे यंत्र काटकसरी झाले तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. यंत्रे स्वस्तात चालू लागल्याने ती वाढली आणि कोळसा पूर्वीहून अधिक जळाला. चलथाणच्या टापूतही वाचलेला कोळसा पुष्कळदा वाढीव कापडातच जातो. म्हणून तिसरी संख्या एकटी पुरत नाही. भारताने २००५ ते २०२० या काळात उत्पन्नाच्या प्रमाणात उत्सर्जन ३६ टक्क्यांनी उतरविले, ही गोष्ट अभिमानास्पद आहे. पण त्याच पंधरा वर्षांत एकंदर उत्सर्जन वाढले, ही गोष्टही त्याच वहीत लिहिलेली आहे.

चौथी संख्या इंधनाची. तेवढीच उष्णता नैसर्गिक वायूपासून घेतली, तर कोळशापेक्षा सुमारे चाळीस टक्के कार्बन कमी निघतो. हजिऱ्याच्या बंदरावर परदेशी द्रवरूप वायू २००५ पासून उतरतो, म्हणजे वायू चलथाणपासून फार दूर नाही. दूर आहे तो त्याचा भाव. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि जगभर वायूचे दर असे कडाडले, की ज्यांनी कोळसा सोडला होता त्यांस पश्चात्ताप व्हावा. लहान कारखानदार इंधन निवडतो ते वातावरणशास्त्र वाचून नव्हे, तर महिनाअखेरीचे बिल पाहून.

विजेच्या बाबतीत हा टापू भाग्यवान म्हणावा लागेल. तापीवर उकाईचे धरण असून तेथे तीनशे मेगावॅट जलविद्युत निर्माण होऊ शकते. काक्रापारला अणुविद्युत केंद्र आहे. तेथील सातशे मेगावॅटचे दोन स्वदेशी संच २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. परंतु वीज गावाची नसते, जाळ्याची असते. यंत्रमागाला मिळणारे युनिट काक्रापारचे की कोळशाच्या केंद्राचे, हे तारेला ठाऊक नसते. संपूर्ण भारतीय जाळ्याचा विचार केला, तर एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायॉक्साइड पडतो, कारण सुमारे तीनचतुर्थांश वीज अजून कोळशावरच तयार होते. फ्रान्सने १९७० च्या दशकातील तेलाच्या संकटानंतर अणुशक्तीची वाट धरली, म्हणून तेथील युनिट याच्या कितीतरी पट हलके आहे. ज्या ब्रिटनमध्ये कोळशाचे युग जन्मले, तेथील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. मात्र त्या मधल्या काळात ब्रिटनच्या कापडगिरण्याही बंद पडल्या आणि तेथील कपाटांत आशियात विणलेले व रंगविलेले कपडे आले, हे सांगितल्यावाचून ती गोष्ट पुरी होत नाही.

येथे काया यांच्या चार संख्यांच्या बाहेरचा एक प्रश्न उभा राहतो, आणि कदाचित तोच सर्वांत अवघड आहे. उत्सर्जन कोणाच्या नावावर लिहावयाचे? प्रचलित पद्धतीने ते धुराडे जेथे आहे तेथे लिहिले जाते. त्यामुळे सुरत जिल्ह्याचे खाते जड होते आणि जेथे ती साडी विकली जाते, त्या मालेगावचे वा नाशिकचे हलके राहते. खरेदीदारावर लिहावे म्हटले, तर प्रत्येक साडीमागे वही ठेवावी लागेल. हा वाद देशादेशांतही आहे. चीनच्या नावावर लिहिलेल्या उत्सर्जनातील मोठा भाग इतर देशांत विकल्या जाणाऱ्या मालाचा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा काही मालांवर कार्बनचा आकार प्रत्यक्ष लागू केला आहे. त्या यादीत कापड नाही. ते कधी येईल की नाही, याविषयी मात्र सुरतेच्या बाजारात अंदाज बांधले जाणे स्वाभाविक आहे.

शहराच्या ठेवणीचाही परिणाम होतो, तो थोडक्यात सांगता येईल. १९८९ मध्ये न्यूमन आणि केनवर्दी या ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी जगातील मोठ्या शहरांची तुलना करून दाखविले, की विरळ पसरलेल्या अमेरिकन शहरांत माणशी पेट्रोल दाट वस्तीच्या युरोपीय व आशियाई शहरांच्या अनेक पटींनी जळते. सुरत दाट आहे. कामगार गिरणीच्या जवळच राहतो, पायी किंवा रिक्षाने जातो. पण शहराची कड महामार्गाच्या अंगाने सरकत चलथाणपर्यंत येऊ लागली आहे, आणि जेथे वस्ती आधी व बस मागाहून येते, तेथे मोटारसायकल हीच गरज बनते.

सुरतेत घडलेला एक प्रयोग मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने काही परदेशी विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने येथील तीनशेहून अधिक कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत माप घेणारी उपकरणे बसविली. त्यांतील निम्म्या कारखान्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून एका बाजारात सामील केले. सर्वांनी मिळून किती धूळ सोडावयाची याची मर्यादा ठरली. ज्याने कमी सोडली त्याने उरलेला हक्क विकावा, ज्याने अधिक सोडली त्याने तो विकत घ्यावा. धुराच्या सूक्ष्म कणांचा असा बाजार जगात प्रथमच भरला. परिणाम असा झाला, की बाजारातील कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत वीस ते तीस टक्क्यांनी घटली आणि जवळजवळ सर्व कारखान्यांनी नियम पाळला. जुन्या पद्धतीत निरीक्षक येणार, नमुना घेणार, खटला भरणार आणि तो वर्षानुवर्षे चालणार, असा क्रम होता. त्यापेक्षा हे स्वस्तही पडले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. हा बाजार कणांचा होता, कार्बनचा नव्हे. धूळ गाळणी लावून अडविता येते. कार्बन डायॉक्साइड त्या गाळणीतून आरपार जातो. धुराडे स्वच्छ दिसू लागले म्हणजे हवेचा ताप उतरला, असे होत नाही. उलट गाळणीचा पंखा चालविण्यास थोडी वीज अधिकच लागते. धूळ छातीत बसते म्हणून तिच्याविरुद्ध शेजारी तक्रार करतो. या दुसऱ्या वायूला ना रंग, ना वास, आणि त्याचा शेजारी म्हणजे सारे जग. तरीही मोजमाप विश्वासार्ह असेल तर लहान कारखानदारही शिस्तीने वागतो, हे सुरतेने दाखविले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन पत व्यापाराची योजना अधिसूचित केली. तिच्यासाठी निवडलेल्या उद्योगांत वस्त्रोद्योगही आहे. दोन-चार बॉयलरच्या गिरणीपर्यंत ती कशी पोहोचणार, हे मात्र उपकरणाच्या किमतीवर आणि व्यापाऱ्याने दिलेल्या मजुरीवर अवलंबून राहील.

दरम्यान तापीकाठ थांबलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडविला होता. तो पूर केवळ हवामानबदलाचा, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. धरणातील पाण्याच्या नियोजनावरही तेव्हा टीका झाली. परंतु तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि पाऊस पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो, एवढे शास्त्र आता निर्विवाद आहे. खाडीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणारा खानदेशी कामगार त्याचा अर्थ पुस्तकावाचून जाणतो.

गाळपाचा हंगाम आटोपला, की साखर कारखान्याचे धुराडे थंडावते. रंगाईच्या गिरण्यांची मात्र लग्नसराईची घाई असते. आखाजीच्या सुमारास कोयतेवाल्या टोळ्या चलथाण, बारडोली, व्यारा या स्थानकांवरून नंदुरबारकडे परततात. बोचक्यात भांडी, अंथरुणे, कोयते, आणि घरी एखादे लग्न असेल तर सुरतेच्या बाजारातून घेतलेल्या दोन साड्या असतात. त्या साड्यांचा कार्बन सुरतेच्याच खात्यावर राहतो. गाडी ओढणाऱ्या इंजिनाची वीज उकाईची, काक्रापारची व कोळशाची अशी मिसळलेली असते. आणि डब्यातील त्या कुटुंबाचे वर्षभराचे स्वतःचे खाते त्या दोन साड्या धरूनही राष्ट्राच्या सरासरीच्या पुष्कळच खाली राहते.